एक शेड, दोन गाड्या आणि शेठ वालचंद

या लेखाची सुरुवात लायब्ररीत नाही, उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. शेड माझ्या काकांची. कॅम्प नंबर चारमध्ये त्यांचं छोटं गॅरेज आहे. बाहेर रिक्षांचा गोंगाट, आत ग्रीस आणि जळक्या क्लचप्लेटचा वास आणि मागच्या अंगाला ताडपत्रीखाली झाकलेल्या दोन गाड्या. एक प्रीमियर ११८ एनई आणि दुसरी कॉन्टेसा क्लासिक १.८ जीएल. दोन्ही काकांनी जवळपास भंगाराच्या भावात घेतल्या आणि स्वतःच्या हाताने उभ्या केल्या. दोन्ही चालू आहेत. म्हणजे काकांनी किल्ली फिरवली की चालू होतात, मी फिरवली तर नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी बार्शीला जाण्याआधी मी एक दिवस काकांकडे थांबलो, तेव्हा कळलं की शेडची मागची अर्धी जागा सोडावी लागणार आहे. दोनातली एकच गाडी ठेवता येणार. विकत घेणारा तयार होता. जुन्या गाड्या जमवणारा माणूस, दोन्हीपैकी कोणतीही चालेल म्हणाला. काकांनी मला समोर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की तू एवढं इंजिनीअरिंग शिकतोयस, तर नीट तुलना कर आणि कोणती ठेवायची ते सांग. सुट्टी संपेपर्यंत मुदत.

आता हसू नका. आमच्या विंगमध्ये रात्री दोन वाजेपर्यंत सुप्रा भारी की स्कायलाइन जीटी-आर यावर वाद चालतात. भिंतीवर पोस्टरं आहेत. त्यातल्या एकाही गाडीत आमच्यापैकी कुणी बसलेलं नाही, रस्त्यावरसुद्धा पाहिलेली नाही. आणि इथे बदलापूरहून लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर जपानी इंजिनाच्या दोन खऱ्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यातली एक जाणार होती. म्हटलं, हा वाद तरी खरा आहे.

मग जर्नलच्या पाठकोऱ्या पानावर तक्ता केला. तो थोडक्यात असा.

११८ एनई १९८५ साली आली. बॉडी फियाट १२४ ची, म्हणजे १९६७ ची युरोपातली कार ऑफ द इयर. इंजिन निस्सानचं ए-१२. नावातला एन निस्सानचाच, असं जाणकार सांगतात. बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ७०, क्षमता ११७१ सीसी, ताकद ५२ अश्वशक्ती. व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडणारे, म्हणजे आपल्याला पहिल्यांदा शिकवतात तशी साधी रचना. पण हे इंजिन साधं म्हणून हलकं समजू नका. जपानमध्ये ते १९७० पासून डॅटसन सनी १२०० मध्ये होतं आणि त्या छोट्या सनीने तिकडच्या शर्यती वर्षानुवर्षं गाजवल्या. बोअर स्ट्रोकपेक्षा मोठा असल्यामुळे पिस्टनला कमी अंतर कापावं लागतं आणि इंजिन न कुरकुरता वरच्या आरपीएमला जातं. आपल्याकडेही ११८ एनई रॅलींमध्ये धावली, ती यामुळेच.

कॉन्टेसा १९८४ ची. बॉडी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून घेतलेली. आधी तिला जुनंच दीड लिटरचं इंजिन होतं आणि एवढ्या मोठ्या गाडीला ते ओढवत नसे. मग इसुझूचं आलं. बोअर ८४, स्ट्रोक ८२, क्षमता १८१७ सीसी, ओव्हरहेड कॅम, पाच गिअर आणि सुमारे ८८ अश्वशक्ती. याच घराण्यातली इंजिनं जपानमध्ये इसुझू ११७ कूपेला होती. त्या कूपेचा आकार इटलीच्या ज्युजारोने काढलेला. तिचे फोटो पाहा, आजही मान वळेल.

लिटरमागे ताकद काढली. निस्सानची ४४, इसुझूची ४८ अश्वशक्ती. दोन्ही गाड्यांची मागची चाकं ओढतात, त्यामुळे चालवायची मजा दोन्हीत आहे. कॉन्टेसा जड आहे, पण हायवेवर ती ज्या ऐटीत जाते त्याला तोड नाही. कागदावर कॉन्टेसा जिंकली. मी निकाल लिहून ठेवला आणि निश्चिंत झालो.

सुट्टीनंतर तक्ता आमच्या एका सरांना दाखवला. सरांनी तो पाहिला, बेरजा बरोबर आहेत म्हणाले आणि मग व्हायव्हामध्ये विचारतात तसा एकच प्रश्न टाकला. दोन्ही गाड्यांची नावं भारतीय, अंगं युरोपची आणि हृदय जपानचं. हे हृदय तिकडूनच का आणावं लागलं? ते पुढे कधी गेले?

उत्तर येत नव्हतं. लायब्ररीत गेलो आणि तिथे भेटले शेठ वालचंद हिराचंद.

नाव आपल्याला माहीत असतं. सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळे माहीत असतं, कारण बारावीनंतर फॉर्म भरताना आपण सगळ्यांनीच ते पहिल्या पसंतीत टाकलेलं असतं. पण माणूस माहीत नसतो. मलाही नव्हता. खरं तर मला लाज वाटायला हवी, कारण हा माणूस माझ्याच जिल्ह्यातला.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजरातेतून येऊन सोलापुरात रुजलेलं दिगंबर जैन, आडनाव दोशी. घरी कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. शिक्षण सोलापूर, मग मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण पदवी हातात आली नाही, घरच्या धंद्यासाठी परत यावं लागलं. धंद्यात त्यांनी सुरुवातीला सपाटून मार खाल्ला. बसून व्याज मोजणं हा त्यांचा पिंडच नव्हता.

मग त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. हे रेल्वेतले माजी कारकून. कामाची माहिती फाटकांची, भांडवलाची जुळवाजुळव वालचंदांची. फाटक-वालचंद अशी कंपनी निघाली आणि पहिलं मोठं काम मिळालं ते बार्शी लाइट रेल्वेचं. माझे आजोबा या गाडीच्या गोष्टी सांगायचे. अडीच फुटी रुळांची ती चिमुकली गाडी आता ब्रॉडगेज झाली आहे. पण येडशी-तडवळ्याकडच्या ज्या मार्गावरून माझं बालपण गेलं, त्याची माती उचलण्यात वालचंदांचा पहिला पैसा आणि पहिला घाम गेला होता, हे मला बदलापूरच्या होस्टेलमध्ये बसून कळलं.

त्यानंतर कंत्राटं वाढत गेली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचं काम, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल, ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. मुंबईत नळ सोडणाऱ्या किंवा रेल्वेने पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाचा या माणसाशी नकळत संबंध आला आहे.

पण कंत्राटदार म्हणून गडगंज झालेला माणूस एवढ्यावर थांबला असता तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा वालचंदांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या महाराजांकडचं लॉयल्टी नावाचं जहाज विक्रीला आहे. युद्धात ते हॉस्पिटल जहाज होतं. त्या काळी हिंदुस्थानचा समुद्री व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होता. वालचंदांनी नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार जमवले, जहाज घेतलं आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो तो याच जहाजाचा.

गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. पण ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली. नव्या कंपनीला तोट्यात बुडवून मारायचं हा जुना डाव होता. लॉर्ड इंचकेपकडून कंपनी विकत घेण्याचा प्रस्तावही आला. तो नाकारला, पण १९२३ मध्ये तडजोड करावी लागली आणि सिंधियाला किनारी वाहतुकीपुरतं बांधून घ्यावं लागलं. त्याच वर्षी लॉयल्टी भंगारात निघाली. चार वर्षांत जहाज गेलं, कंपनी मात्र टिकली. १९२९ ते १९५० वालचंद तिचे अध्यक्ष होते. मला वाटतं हा माणूस इथे एक गोष्ट शिकला, की वस्तू जाते, ती चालवण्याची विद्या हाती राहिली पाहिजे.

मध्यंतरी त्यांनी माळरानावर गावं वसवली. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आणि नाशिक जिल्ह्यात रावळगाव. हो, तेच रावळगाव, ज्याच्या गोळ्या आपण शाळेबाहेर चघळल्या. साखर कारखान्याला यंत्रं लागतात, यंत्रांना दुरुस्ती लागते, दुरुस्तीला वर्कशॉप लागतं. वालचंदनगरच्या उद्योगात पुढे इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनले, त्याचं मूळ या साखळीत आहे.

आता मोटारीकडे येतो. सर विश्वेश्वरय्यांनी १९३४-३५ पासून हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढायची योजना मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातल्या खेर यांच्या काँग्रेस सरकारने मदतीची तयारी दाखवली. वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, पुढे क्रायस्लरशी जमलं. पण इकडे महायुद्ध सुरू झालं आणि प्रांतातली काँग्रेसची सरकारं राजीनामा देऊन बाहेर पडली. दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने युद्धाचं कारण पुढे करून हात वर केले.

सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. जपानमध्येही तेव्हा अमेरिकन कंपन्यांचंच राज्य होतं. फोर्डने योकोहामात १९२५ मध्ये आणि जनरल मोटर्सने ओसाकात १९२७ मध्ये सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. आपल्या मुंबईत जनरल मोटर्सचा असाच कारखाना १९२८ मध्ये आला. म्हणजे ओसाका आणि मुंबई जवळपास एकाच रेषेवर उभी होती. फरक पडला १९३६ मध्ये. जपानी सरकारने कायदा करून परवाने देशी कंपन्यांना दिले. टोयोडा आणि निस्सान त्यात होते. तीन वर्षांत अमेरिकन कंपन्यांचं तिथलं काम थांबलं. त्या कायद्यामागे लष्कराची गरज होती, त्यात भाबडेपणाने कौतुक करण्यासारखं काही नाही. पण देशी कारखान्याच्या पाठीशी सरकार उभं राहिलं हे खरं. वालचंद त्याच वर्षांत दारोदार फिरत होते आणि त्यांच्या पाठीशी उभं राहायला स्वतःचं सरकारच नव्हतं.

पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. १९३९ च्या त्याच अमेरिका दौऱ्यावरून विमानाने परतताना त्यांना विल्यम पॉली भेटला, चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणारा अमेरिकन. त्या ओळखीतून विमान कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आजची एचएएल ती हीच.

जहाज बांधायचा कारखानाही याच धामधुमीत. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले आणि काम विस्कळीत झालं. मी इथे वाचताना थांबलो. ज्या देशाच्या विमानांनी वालचंदांच्या कारखान्याच्या गावावर बाँब टाकले, त्याच देशाचं इंजिन ४३ वर्षांनी वालचंदांच्याच कंपनीच्या गाडीत बसलं आणि ती गाडी आज माझ्या काकांच्या शेडमध्ये आहे. पुढे विशाखापट्टणमला काम पुन्हा सुरू झालं आणि १४ मार्च १९४८ रोजी जल-उषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडलं गेलं. कारखाना नंतर हळूहळू सरकारकडे गेला.

मोटारीचा कारखाना अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने निघाला, कुर्ल्याला. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये निघालेली होतीच, म्हणजे काकांच्या दुसऱ्या गाडीचं घराणं. स्वातंत्र्याच्या आगेमागे कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुटे भाग बाहेरचे, जोडणी इथली. वालचंदांना एवढ्यावर समाधान नव्हतं. भाग इथे बनायला हवेत, त्यासाठी छोटी गाडी हवी, म्हणून १९५०-५१ च्या सुमारास इटलीच्या फियाटशी करार झाला.

पण तोवर शरीर थकलं होतं. पक्षाघाताचा झटका येऊन गेला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला वालचंद गेले. ज्या फियाट ११०० ने पुढे कुर्ल्याचं नाव घरोघरी नेलं, ती बाहेर पडलेली त्यांनी पाहिली नाही. दोन वर्षांनी सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. पदवीशिवाय कॉलेज सोडलेल्या माणसाच्या नावाने आज पदव्या मिळतात.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. तो जरा टोचणारा आहे. १९५२-५३ मध्ये, म्हणजे वालचंद जात होते त्याच सुमाराला, जपानमध्ये निस्सान काय करत होती? ब्रिटनच्या ऑस्टिन गाड्या परवान्याने बनवत होती. इसुझू काय करत होती? ब्रिटनच्याच हिलमन मिंक्स परवान्याने बनवत होती. प्रीमियर फियाट बनवत होती, हिंदुस्तान मॉरिस. चौघेही एकाच वर्गात, एकाच बाकावर, चौघेही कॉपी करत होते! पण त्या दोघांनी परवान्याच्या मुदतीत प्रत्येक भाग का तसा आहे ते समजून घेतलं आणि मग स्वतःचा बनवला. १९६६ मध्ये निस्सानचं ए इंजिन आलं, १९७० मध्ये ए-१२. आपण मात्र १९६४ ची फियाट ११००-डी कधी प्रेसिडेंट, कधी पद्मिनी असं नाव बदलत २००० सालापर्यंत बनवत राहिलो.

यात एकट्या कंपनीला दोष देऊन चालणार नाही. किती गाड्या बनवायच्या ते लायसन्स ठरवत होतं. बाहेरची गाडी येऊ शकत नव्हती आणि इथे गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला तयार होतं. पेपर फुटणार नाही आणि नापासही कुणी करणार नाही अशी खात्री असेल तर आपण तरी किती अभ्यास करू? आणि खरं सांगायचं तर सरकारी संरक्षण मागणाऱ्यांत वालचंद स्वतः पुढे होते. एकाच वेळी जहाज, विमान, मोटार, साखर यांत हात घालायची त्यांची सवय आणि भांडवलाची कायमची ओढाताण हाही त्यांचा दोष म्हणावा लागेल. पण त्यांना संरक्षण हवं होतं ते शिकायला वेळ मिळावा म्हणून. नंतर वेळ मिळाला, शिकणं राहिलं.

एवढं वाचून मी एका रविवारी पुन्हा शेडमध्ये गेलो. काकांना तक्ता दाखवला, निकाल सांगितला की आकड्यांत कॉन्टेसा सरस. काकांनी मान हलवली. आकडे त्यांना पटले. कॉन्टेसा चालवताना राजा झाल्यासारखं वाटतं हेही कबूल केलं. मग त्यांनी कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला.

डब्यात कागद होते. वह्यांची पानं, कॅलेंडरच्या मागच्या बाजू, सिगारेटच्या पाकिटांचे पुठ्ठे. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला भाग आणि बाजूला व्हर्निअरने घेतलेली मापं. वॉटर पंपाचा शाफ्ट, सस्पेन्शनचे बुश, कार्ब्युरेटरचं लिंकेज. सगळे ११८ एनईचे. मूळ भाग मिळेनासे झाले तसे काकांनी एकेक मोजले, काढले आणि करून घेतले. शेजारच्या सिंधी लेथवाल्याकडे काही टर्निंग केले, काही अंबरनाथच्या एमआयडीसीत. काही एका निवृत्त फिटरकाकांनी घरी बसून घासले, जे आयुष्यभर अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात कामाला होते. एका बुशसाठी तीनदा मटेरियल बदललं, ते तीनही प्रयत्न तारखांसकट लिहिलेले. कॉन्टेसासाठी असं काही नव्हतं. तिचे भाग आजवर कुठून ना कुठून जुन्या गाड्यांतून मिळत गेले, त्यामुळे वेळच आली नाही.

उल्हासनगरच्या मालावर मेड इन यूएसए लिहिलेलं असतं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केलाय. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी समोर दिसेल ती वस्तू उघडून, पाहून, बनवून पोट भरलं. त्या विनोदावर मी आता तितकासा हसत नाही. निस्सानने ऑस्टिनचं केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. फरक एवढाच की ते कॉपीनंतरचं पानही लिहीत गेले. काकांच्या डब्यातलं तीनदा बदललेलं मटेरियल हे तेच पुढचं पान आहे.

काकांनी विचारलं की उद्या रस्त्यात पंप गेला तर दोघींपैकी कुणाचा पंप तू करून देशील. मी खरं ते सांगितलं, कुणाचाच नाही. तीन वर्षं इंजिनीअरिंग शिकून कुणाचाच नाही. काका रागावले नाहीत. फक्त डबा माझ्याकडे सरकवला.

कॉन्टेसा गेली. घेणारा बदलापूरचाच निघाला, सांभाळणारा आहे. जाताना काकांनी तिला शेवटची एक चक्कर मारली, मला शेजारी बसवून कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत. तिथे एका मोकळ्या जागेला लोक अजून प्रीमियरचं मैदान म्हणतात. याच आवारात कंपनीने फ्रेंच प्यूजो ३०९ बनवायला घेतली होती, तीही दोन-तीन वर्षांतच थांबली. कुर्ल्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. काका गाडीत काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

परवा घरी जाताना कल्याणहून रात्रीची सिद्धेश्वर पकडली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर न थांबता मागे गेलं. दर वेळी मी कर्जतच्या आत झोपतो. या वेळी घाट संपेपर्यंत जागा राहिलो आणि बोगदे मोजले. सतरानंतर गडबड झाली, सोडून दिलं. यातले कोणते वालचंदांच्या माणसांनी खोदले ते अंधारात कळायला मार्ग नव्हता, पण गाडी सगळ्यांतून नीट पार पडली.

आता कामाचं. पुढच्या वर्षीच्या बी.ई. प्रोजेक्टसाठी काकांच्या डब्यातल्या सगळ्या भागांची पक्की ड्रॉइंग करायची, टॉलरन्स आणि मटेरियल तपासायचं आणि निदान एक वॉटर पंप सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः बनवायचा, असं मी ठरवलं आहे. सरांनी होकार दिला आहे. ग्रुपमध्ये चार जागा आहेत, दोन भरल्या. सुप्रावाले, स्कायलाइनवाले कुणीही चालतील. रविवारी सकाळी साडेआठची लोकल धरायची, उल्हासनगरला उतरायचं आणि चांगले कपडे घालून यायचं नाही.

– टी.ई. (मेकॅनिकल)